बल्ब दाबला की इंजिन पळतं? मग कार्बोरेटर राहू द्या, टाकीपासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दाभोळच्या खाडीत घरच्यांना फिरवायला १८ फुटी जुनी फायबर बोट घेतली आहे. मागे ४० हॉर्सपॉवरचं, २००४ सालचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बाहेर टांगलेलं इंजिन. पेट्रोल २४ लिटरच्या सुट्या टाकीतून येतं, ऑइल त्यातच मिसळायचं. इंजिन एका-दोन दोरीत उठतं, न्यूट्रलला गुण्यागोविंदाने चालतं, पण फुल थ्रॉटलवर दहा-बारा मिनिटं झाली की घुसमटून बसतं. पाइपातला बल्ब, म्हणजे हाताने पेट्रोल ढकलायचा रबरी फुगा, चार वेळा दाबला की परत पळतं. मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) नवाच टाका. टाकू का?

नका टाकू. निदान एवढ्यात तरी नको.

याच ताकदीचं, तुमच्यापेक्षा म्हातारं इंजिन रेवदंड्याच्या खाडीत मी वीस-बावीस वर्षं सांभाळतोय, आणि त्यात माझ्या हातून झालेल्या चुका पुढे येतीलच. पण आधी तुम्हीच दिलेली लक्षणं बघा. कार्बोरेटरमधलं सगळ्यात बारीक भोक आयडल जेटचं, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं. पेट्रोल सुकून चिकटा धरला की पहिल्यांदा तेच बुजतं, आणि मग इंजिन उठायला कुरकुरतं, न्यूट्रलला मरतं. तुमचं नेमकं उलट आहे. शिवाय बल्ब दाबून तुम्ही कार्बोरेटर साफ करत नाही, फक्त त्यात पेट्रोल ढकलता. ढकलल्यावर तो नीट काम करतो, म्हणजे बिचारा उपाशी आहे. जेवण मागेच कुठेतरी अडतंय.

एक गोष्ट आजपासूनच बंद करा. मुलाला बल्ब दाबत बसवून फुल थ्रॉटलवर किनारा गाठणं. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी गेलं म्हणजे ऑइलही कमी गेलं, आणि तेही इंजिनावर पूर्ण भार असताना. पिस्टन जाम व्हायला याहून सोपा रस्ता नाही. घुसमटलं की थ्रॉटल कमी करा आणि सावकाश परत या.

आता दहा-बारा मिनिटांचा हिशेब. ४० हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक पूर्ण उघडलं की तासाला १५ ते २० लिटर पितं. बारा मिनिटांत झाले तीन-चार लिटर. टाकीतून तेवढं पेट्रोल बाहेर पडलं, तर तेवढी हवा आत यायला हवी. झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद असेल, किंवा उघडा असूनही आत मीठ आणि गंज साचला असेल, तर टाकीत निर्वात तयार होतो आणि इंजिनावरचा पेट्रोल ओढणारा पंप हरतो. न्यूट्रलला पेट्रोल इतकं कमी लागतं की तास गेला तरी कळत नाही. म्हणून पुढच्या वेळी इंजिन बसलं की बल्बला हात लावण्याआधी टाकीचं झाकण सैल करा. ‘फुस्स’ आवाज आला तर तुमचा कार्बोरेटरचा खर्च वाचला. हसू नका, मी स्वतः या स्क्रूपायी अर्धा दिवस ओहोटीत चिखलात बसलोय.

आवाज नाही आला तर बल्बकडे बघा. इंजिन मरताना तो चोखलेल्या आंब्यासारखा चपटा झाला असेल, तर अडथळा बल्बच्या मागे आहे, म्हणजे टाकीच्या बाजूला. टाकीत उतरणाऱ्या नळीच्या तळाशी बारीक जाळी असते, ती बाहेर काढा. जुन्या टाकीत तिच्यावर काळा गाळ आणि गंजाचा भुगा हमखास निघतो. बल्ब गोल आहे पण पिलपिलीत, कितीही दाबला तरी घट्ट होत नाही, असं असेल तर कुठून तरी हवा ओढली जातेय किंवा बल्बच्या आतल्या झडपा गेल्या आहेत. (बल्ब दाबताना बाण वर, म्हणजे इंजिनाकडचं टोक वर धरायचं. आडवा धरून दाबणारे आणि मग बल्बला शिव्या घालणारे खूप पाहिलेत.) आणि बल्ब घट्ट राहूनही इंजिन बसत असेल, तर मगच पुढे पंपाकडे आणि कार्बोरेटरकडे जायचं.

हवेचं सांगतो, कारण यात चांगले मेकॅनिकही फसतात. पेट्रोल गळताना दिसतं, वास येतो. पण बल्बपासून पंपापर्यंतचा पाइप चालू इंजिनात ओढीखाली असतो. तिथल्या फटीतून पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत. इंजिनाला पाइप जोडतो त्या कनेक्टरमधली ओ-रिंग (रबरी कडी) हा पहिला संशयित. पंपाच्या आधी फूटभर पारदर्शक पेट्रोल पाइप तात्पुरता जोडा आणि इंजिन पळवा. बुडबुड्यांची माळ दिसली तर मागे एकेक जोड तपासत जा. परीक्षा झाली की तो पाइप काढून टाका, तो कायमचा ठेवण्याच्या लायकीचा नसतो.

यापेक्षाही सोपी परीक्षा म्हणजे शेजारच्या बोटवाल्याची टाकी, पाइप आणि बल्बसकट तासभर उसनी घ्या. तिच्यावर इंजिन सुतासारखं सरळ चाललं तर दोष इंजिनात नाहीच. मी असतो तर सुरुवातच इथून केली असती.

पाइप किती जुना आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. इंजिनाबरोबरचाच असेल तर बाकी काहीही निघो, तो बदला. २००४ साली बनलेलं रबर आजच्या पेट्रोलसाठी बनलेलं नाही. फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे ई-२० पेट्रोल विकायला सुरुवात झाली, आणि आता पंपावर साधं पेट्रोल म्हणजे तेच, २० टक्के इथेनॉलवालं. जुन्या पाइपचं आतलं अस्तर त्याने फुगतं, सुटतं, आणि आतल्या आत पडद्यासारखं लोंबतं. पेट्रोल हळू वाहत असेल तेव्हा पडदा बाजूला राहतो, ओढ वाढली की भोकावर बसतो. बाहेरून पाइप नवाकोरा. तुमची लक्षणं यालाही चपखल बसतात. पाइपवरून पांढरं फडकं फिरवून वास घ्या, फडक्याला पेट्रोलचा वास लागला तर पाइप झिरपतोय. नवा घेताना गाड्यांच्या दुकानातला काळा पाइप नको. वर एसएई जे१५२७ किंवा आयएसओ ७८४० छापलेला मरीन पाइप मागा आणि आतला व्यास आधीच्यापेक्षा बारीक घेऊ नका. क्लिपा स्टेनलेसच्या. साध्या क्लिपा खाडीत एक हंगाम काढत नाहीत.

इथेनॉलचा दुसरा प्रताप पाण्याचा, आणि माझं इंजिन त्यानेच मारलं. किंवा खरं सांगायचं तर मीच मारलं. पावसाळ्यात बोट वर ओढून शाकारली, पण अर्धी भरलेली टाकी बोटीतच राहिली. झाकणाचा वॉशर तडकलेला होता, झावळ्यांतून थेंब थेंब पाणी गळत राहिलं. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरवली तर इंजिन अडखळत चालू झालं. शहाण्यासारखं थांबायचं सोडून मी चोक ओढत, बल्ब दाबत पुढे नेली. दहा मिनिटांत जाम. सिलिंडर बोअर करून मोठे पिस्टन टाकावे लागले.

झालं काय होतं ते समजून घ्या. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, पण मर्यादेपर्यंतच. दहा टक्केवाल्या पेट्रोलमध्ये ती मर्यादा साधारण अर्धा टक्का, म्हणजे २४ लिटरच्या टाकीत एक-दीड कटिंग चहाएवढं पाणी. ई-२० थोडं जास्त पचवतं. पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी जातं, आणि ई-२० च्या भरलेल्या टाकीत हा थर चार लिटरच्या आसपास भरू शकतो. तुमच्या टाकीची नळी पेट्रोल उचलते कुठून? तळातूनच. आणि टू-स्ट्रोक ऑइल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये, खालच्या थरात जवळजवळ नाहीच. म्हणजे इंजिनाला मिळतं पाणी आणि स्पिरिट, ऑइल शून्य. एकदा असं फाटलेलं पेट्रोल कुठल्याही बाटलीतल्या औषधाने सांधत नाही. सगळं काढायचं, टाकी सुकवायची, नवं भरायचं. आणि काढलेलं खाडीत ओतायचं नाही, हे लिहावं लागतं याचं वाईट वाटतं.

दमट हवेतूनच एवढं पाणी टाकीत जमतं असं बरेच जण सांगतात. हवेतून थोडं येतं हे खरं, पण माझ्या पाहण्यात पेट्रोल फाटलं ते बहुतेक वेळा झाकणातून, तडकलेल्या वॉशरमधून किंवा भरताना पावसाने. दहा रुपयांचा वॉशर दर वर्षी बदला.

हंगामाच्या सुरुवातीला टाकी तासभर स्थिर ठेवून तळातून काचेच्या बरणीत थोडं पेट्रोल घ्या आणि उजेडात धरा. दोन थर किंवा गढूळपणा दिसला तर इंजिनाला जोडू नका. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती हेही घरी कळतं. मापाच्या उभ्या नळीत १०० मिली पेट्रोल (ऑइल मिसळण्याआधीचं) आणि १० मिली पाणी घालून हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर १० चा ३० च्या आसपास झाला तर वीस टक्के इथेनॉल. पंपावरचा माणूस काय सांगतो यापेक्षा नळी बरी.

टाकी आणि इंजिनाच्या मध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर लावा, तुमच्या बोटीत तो नसणार. आउटबोर्डला खाली पारदर्शक वाटी असलेला चालतो, पाणी डोळ्याला दिसतं. बोटीच्या आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनाच्या खोलीत मात्र प्लास्टिकची वाटी नको, आगीत ती आधी वितळते. फिल्टर वर्षाला एक. जुना फेकण्याआधी बरणीत रिकामा करा, त्यातलं पाणी आणि कचरा बघून टाकीची तब्येत कळते.

एवढं सगळं स्वच्छ निघालं तर पंप. तो क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद पेटीतल्या) दाबाच्या हेलकाव्यांवर चालतो, आत पातळ पडदा असतो. तो ताठरला की फुल थ्रॉटलला पेट्रोल पुरत नाही. भोक पडलं तर ज्या सिलिंडरच्या दाबावर पंप चालतो त्यातच पेट्रोल थेट जातं. प्लग काढून बघा, एक सुका आणि एक ओलाचिंब असेल तर पडद्यावर संशय घ्या. किट कार्बोरेटरच्या मानाने चिल्लर आहे. तुमच्या वयाच्या इंजिनात मी न विचारता बदलला असता.

कार्बोरेटर उघडायची वेळ आलीच तर तो बदलण्याऐवजी साफ करा. जेट पितळेचे असतात, त्यात तार घालू नका, भोक मोठं झालं की मोजमाप गेलं. क्लीनर स्प्रे आणि दाबाची हवा पुरते. गॅस्केट आणि फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई नवी टाका, फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे लावा.

ऑइलबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय की मोटारसायकलचं टू-टी घालता. ते बंद. आउटबोर्ड खाडीच्या गार पाण्यावर थंड राहतं, त्याला टीसी-डब्ल्यू३ शिक्क्याचं, राख न सोडणारं ऑइल लागतं. माझ्या इंजिनाला ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल तेच धरा, अंदाजपंचे नको. आधी ऑइल आणि थोडं पेट्रोल टाकीत हलवून घ्या, मग बाकीचं भरा. टाकी बोटीबाहेर, जमिनीवर ठेवून भरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते आणि पंख्याशिवाय निघत नाही.

मेअखेरीस गोड्या पाण्यावर इंजिन धुताना पेट्रोलचा पाइप काढून ते आपोआप बंद होईपर्यंत न्यूट्रलला चालवा, मग कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून उरलेलं काढा. प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडून दोरी दोनदा सावकाश ओढा. टाकीतलं उरलेलं मिक्स ग्रासकटरवाल्याला द्या, जूनमध्ये त्याला हवंच असतं. ग्रासकटरला बहुधा ऑइल जास्त लागतं, तेवढं वरून घालायला सांगा. टाकी रिकामी, कोरडी, घरात सावलीला.

तुमची टाकी सुटी आहे म्हणून निभावतंय. फायबरमध्येच घडवलेली जुनी टाकी असलेली बोट कोणी घेत असेल तर थांबा. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकट राज्यांनी २००४ पासून एमटीबीई हे पेट्रोलमध्ये मिसळायचं रसायन बंद करून पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल आणलं, तेव्हा लाँग आयलंड साउंडमधल्या जुन्या बोटींच्या अशा टाक्यांचं रेझिन विरघळून काळा चिकटा इंजिनाच्या व्हॉल्व्हवर जमला होता. आपल्याकडे तर आता वीस टक्के.

या रविवारी उसनी टाकी लावून एक फेरी मारा आणि तीन गोष्टी कळवा: इंजिन बसलं का, बल्ब तेव्हा चपटा होता की फुगलेला, आणि तुमच्या स्वतःच्या टाकीचं झाकण उघडताना आवाज आला का. मेकॅनिकला तोवर सांगा की पैसे जमवतोय.