वाचकांचे प्रश्न : आफ्रिकेतील शहरे कोणत्या मापाने मोजावीत?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे आफ्रिकेतील मोठ्या शहरांविषयी आहेत. विषय एकच असल्यामुळे त्यांची उत्तरे या अंकात एकत्र देत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : स.न.वि.वि. मी स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. लागोस, नैरोबी, कैरो, जोहान्सबर्ग, आदिस अबाबा या शहरांच्या उंच इमारती आणि उड्डाणपूल दाखवून त्यांची क्रमवारी लावणाऱ्या चित्रफिती पाहण्यात येतात. प्रत्येकीत पहिला क्रमांक वेगळ्याच शहराला असतो. खरोखर सर्वांत विकसित शहर कोणते? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपला गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण पहिली अडचण मोजणीपाशीच सुरू होते. नायजेरियाच्या २००६ च्या जनगणनेत लागोस राज्याची लोकसंख्या सुमारे ९० लाख भरली. त्याच वर्षी राज्य सरकारने स्वतः केलेल्या मोजणीत ती सुमारे १ कोटी ७५ लाख निघाली. त्यानंतर त्या देशात जनगणनाच झालेली नाही. माणसांच्या संख्येतच जवळजवळ दुपटीचा फरक असेल, तर दरडोई पाणी, दरडोई रस्ते आणि दरडोई उत्पन्न यांचे कोष्टक कितीही नीटनेटके दिसले तरी त्यावर भार टाकता येत नाही.

तरीही तुलना करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. उंच इमारत कोणीही पैसेवाला बांधू शकतो. नळाला पाणी, बटण दाबल्यावर दिवा आणि कामावर वेळेवर पोहोचवणारे वाहन या तीन गोष्टी मात्र साऱ्या शहराला मिळून चालवाव्या लागतात, आणि त्या उद्घाटनाच्या दिवशी कशा होत्या यापेक्षा दहा वर्षांनी कशा आहेत यावरून शहर ओळखावे, असे आम्हाला वाटते.

या मापाने कैरोचा विचार करा. तेथील मेट्रो सप्टेंबर १९८७ मध्ये सुरू झाली. ती आफ्रिका खंडातील पहिली मेट्रो, आणि आपल्या कोलकात्याच्या मेट्रोनंतर अवघ्या तीन वर्षांनी आलेली. आज तिच्या तीन मार्गिका आहेत, गाडीचे मधले डबे स्त्रियांसाठी राखीव असतात, आणि दोन कोटींहून अधिक वस्तीच्या महानगराचा मोठा भार ती रोज वाहते. चित्रफितींत तिला फारसे स्थान नसते, कारण ती नवी नाही. आमच्या दृष्टीने मात्र इतकी वर्षे अखंड चाललेली गाडी हेच कैरोचे मोठे भांडवल आहे.

जोहान्सबर्गची गोष्ट उलट दिशेने जाते. जून २०१० मध्ये, विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या तोंडावर, तेथे गाउट्रेन ही ताशी १६० किलोमीटर वेगाची रेल्वे सुरू झाली. विमानतळ, सँडटन हा श्रीमंत व्यापारी भाग आणि प्रिटोरिया यांना जोडणारी ही गाडी उत्तम आहे, पण ती सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या मोठ्या वसाहतीला जात नाही. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांच्या वसाहती कामाच्या ठिकाणांपासून मुद्दाम दूर ठेवल्या गेल्या आणि ते अंतर अजून मिटलेले नाही. तेथील बहुसंख्य कष्टकरी पंधरा-सोळा आसनांच्या मिनीबस टॅक्सीने जातात, जिला आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीकडे वडाप म्हणतील. रस्त्याच्या कडेला उभ्या प्रवाशाने तर्जनी आकाशाकडे धरली की त्याला शहराच्या मध्यभागी जायचे आहे, आणि तीच खाली जमिनीकडे दाखवली की जवळपासच उतरायचे आहे, हे चालकाला दुरूनच कळते. या खुणांची एक पूर्ण भाषाच तेथे रुळली आहे. जे सरकारी वेळापत्रकाने दिले नाही ते लोकांनी आपापसांत उभे केले.

वीज आणि पाणी या दोन्ही बाबतींत मात्र याच शहराची गेल्या काही वर्षांत पडझड झाली. २०२३ हे भारनियमनाचे सर्वांत वाईट वर्ष ठरले. मार्च २०२४ च्या अखेरीस भारनियमन थांबले आणि पुढे अनेक महिने पुन्हा लागले नाही, हे खरे. पण मधल्या काळात पाण्याचे प्रश्न पुढे आले. या शहराला ना मोठी नदी ना समुद्र. पाणी व्हाल नदीच्या खोऱ्यातून वर चढवून आणावे लागते आणि जुन्या वाहिन्यांतून त्याचा मोठा हिस्सा वाटेतच गळतो. खंडातील सर्वांत श्रीमंत शहरांत गणल्या जाणाऱ्या शहराची ही अवस्था, म्हणूनच आम्ही एकच पहिला क्रमांक सांगण्याचे टाळतो.

प्रश्न : माझ्या मुलाची कंपनीने लागोसला बदली केली आहे. सोसायटीचा जनरेटर दिवसातून कितीदा सुरू होतो याचा हिशेब तो आम्हाला फोनवर सांगतो. तेलाने श्रीमंत असलेल्या देशाच्या एवढ्या मोठ्या शहरात साधी लोकल रेल्वेसुद्धा २०२३ पर्यंत का नव्हती? — एक आई, ठाणे

उत्तर : ताई, जनरेटरचे कारण आधी पाहू. नायजेरियाची लोकसंख्या वीस कोटींच्या पुढे आहे आणि राष्ट्रीय जाळ्यातून प्रत्यक्ष मिळणारी वीज साधारणतः चार-पाच हजार मेगावॉटच्या आसपास घुटमळते. एकट्या महाराष्ट्राची उन्हाळ्यातील मागणी पंचवीस हजार मेगावॉटच्या वर जाते, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या मुलाच्या हिशेबाचा अर्थ कळेल. तेथे ज्याला परवडते तो स्वतःचे वीजघर घेऊन राहतो. पाण्याचेही तसेच. सार्वजनिक नळ थोड्याच घरांपर्यंत पोहोचतो. पैसेवाले विंधनविहीर खोदतात आणि बाकीच्यांच्या गल्लीत पाण्याचे कॅन रचलेली हातगाडी ढकलत पाणीवाला येतो, ज्याला हौसा भाषेतल्या शब्दाने ‘मै रुवा’ म्हणतात. पिण्यासाठी अर्धा लिटरची प्लॅस्टिकची पिशवी मिळते. तिचे कोपरे दातांनी फोडून पाणी पितात.

रेल्वेची कथा जास्त क्लेशदायक आहे, आणि ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. लतीफ जकांडे हे १९७९ ते १९८३ या काळात लागोस राज्याचे निर्वाचित गव्हर्नर होते. त्यांनी शहरासाठी ‘मेट्रोलाइन’ योजना आखली आणि तिची पायाभरणीही झाली. १९८३ च्या शेवटच्या दिवशी लष्कराने सत्ता घेतली आणि मुहम्मदू बुहारी यांच्या लष्करी सरकारने ही योजना रद्द केली. आधी गुंतलेले कोट्यवधी डॉलर पाण्यात गेले. पुढे चाळीस वर्षे शहर वाढतच राहिले. मुख्य भूमीवर राहणारा आणि खाडीपलीकडच्या बेटावरील व्यापारी भागात काम करणारा माणूस पहाटे चार-साडेचारला घर सोडू लागला, कारण नंतर निघाले तर १९९० मध्ये झालेल्या जवळजवळ बारा किलोमीटर लांबीच्या थर्ड मेनलँड पुलावर तासन् तास अडकून पडावे लागे. पिवळ्या रंगाच्या, काळे पट्टे ओढलेल्या ‘डॅनफो’ गाड्यांच्या दाराला लोंबकळत थांब्यांची नावे ओरडणारा कंडक्टर हीच या शहराची वाहतूक व्यवस्था होऊन बसली. २००८ मध्ये स्वतंत्र मार्गिकेवरील बससेवा सुरू झाली, तिने काहीसा दिलासा दिला.

आणि शेवटी मरीना ते माइल टू हा १३ किलोमीटरचा, पाच स्थानकांचा निळ्या मार्गिकेचा पहिला टप्पा पूर्ण झाला, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन केले ते राष्ट्राध्यक्ष बुहारी यांनीच; लष्करी राजवटीत जे थांबवले गेले होते तसलेच काम निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाच्या हातून खुले झाले. प्रवाशांसाठी गाडी सप्टेंबर २०२३ मध्ये धावू लागली. ती विजेवर चालते आणि भाडे ‘काउरी’ या कार्डाने भरतात. आपल्या मुलाने ते घेतले नसेल तर घ्यायला सांगावे. पैसा नव्हता म्हणून रेल्वे झाली नाही, असे म्हणता येणार नाही. एका सरकारने सुरू केलेले काम दुसऱ्याने पुढे नेण्याची रीत नव्हती, आणि त्याची किंमत दोन पिढ्यांनी पहाटेच्या झोपेने चुकवली.

प्रश्न : मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक आहे. आदिस अबाबातील रेल्वे आणि नैरोबीतील द्रुतगती मार्ग हे दोन्ही चिनी कंपन्यांनी बांधले. यांपैकी कोणत्या शहराचा निर्णय शहाणपणाचा ठरला? — एक वाचक, सांगली

उत्तर : गुरुजी, आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तरही आडवळण न घेता देतो : हेतू आदिस अबाबाचा चांगला होता आणि हिशेब नैरोबीचा पक्का होता.

आदिस अबाबाने सप्टेंबर २०१५ मध्ये सुमारे ३४ किलोमीटरची हलकी रेल्वे सुरू केली. खर्च ४७ कोटी ५० लाख डॉलर आणि त्यातील सुमारे ८५ टक्के चिनी बँकेचे कर्ज. भाडे सुरुवातीला दोन ते सहा बिर (तेथील चलन) एवढेच ठेवले, त्यामुळे मोलमजुरी करणारी बाई आणि कचेरीतला कारकून एकाच डब्यात बसू लागले. ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. परंतु एवढ्या भाड्यातून देखभाल निघणे शक्य नव्हते आणि सुटे भाग आणायला परकीय चलन लागते, ज्याचा इथिओपियात सततचा तुटवडा. एकूण ४१ गाड्या आणल्या होत्या. काही वर्षांतच त्यांतील कितीतरी गाड्या भागांअभावी आगारात उभ्या राहिल्या. शिवाय मार्गाचा बराचसा भाग जमिनीवरूनच जात असल्याने समोर दिसणारे दुकान गाठायलाही लांबचा वळसा पडू लागला.

नैरोबीचा २७ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग मे २०२२ मध्ये खुला झाला. बांधणाऱ्या कंपनीने तो पथकरातून २७ वर्षांत वसूल करावा, असा करार आहे. त्यामुळे देखभाल होत राहील, याची शाश्वती अधिक. विमानतळावरून वेस्टलँड्स या व्यापारी भागात आता काही मिनिटांत पोहोचता येते. पण तो कोणासाठी, हेही विचारले पाहिजे. या शहरात शंभरातले चाळीसच्या आसपास प्रवास पायीच होतात आणि त्यानंतर क्रम लागतो तो ‘मटाटू’ गाड्यांचा. स्वाहिलीत ‘टाटू’ म्हणजे तीन. पूर्वी भाडे तीन नाणी असे, त्यावरून हे नाव पडल्याचे सांगतात. खांबांवरून पथकराचा रस्ता गेला, खाली मोम्बासा रस्त्यावर मटाटूंची रांग तशीच आहे आणि कडेने चालणाऱ्याला धड पदपथ नाही. नैरोबीनेच २०१५ मध्ये वाहतुकीच्या निधीतील २० टक्के रक्कम पादचारी आणि सायकलस्वारांसाठी ठेवण्याचे धोरण जाहीर केले होते. ते नेटाने पाळले असते, तर कमी पैशात अधिक लोकांचे भले झाले असते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याच संदर्भात टांझानियातील दार-एस-सलामचे उदाहरण आवर्जून पाहावे. मे २०१६ मध्ये तेथे सुमारे २१ किलोमीटरच्या स्वतंत्र मार्गिकेवर बस धावू लागली. रेल्वेपेक्षा ती कितीतरी स्वस्त, आणि नादुरुस्त झाली तरी गावातच दुरुस्त होणारी. चूक एकच, पण मोठी झाली. बसचे आगार जांगवानी येथे, म्सिंबाझी नदीच्या पूरपट्ट्यात बांधले. जोराचा पाऊस आला की आगारात पाणी शिरते, बसगाड्या बुडतात आणि सेवा बंद पडते. नदीकाठच्या जुन्या रहिवाशाला विचारले असते तरी ही चूक टळली असती.

प्रश्न : किगाली हे आफ्रिकेतील सर्वांत स्वच्छ शहर आहे, हे खरे का? — एक वाचक, सातारा

उत्तर : स्वच्छ आहे, यात वाद नाही. रवांडाने २००८ मध्येच प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आणि प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी ‘उमुगांडा’ नावाचे सार्वजनिक श्रमदान असते. मात्र २०२२ च्या गणनेत किगालीची लोकसंख्या साडेसतरा लाखांच्या आत होती. लागोस किंवा कैरोशी तिची बरोबरी करणे न्यायाचे नाही. शिवाय आराखड्यात न बसणाऱ्या गरीब वस्त्या हलवताना रहिवाशांना पसंतीचा मोबदला मिळाला नाही, अशा तक्रारीही तेथे झाल्या आहेत.

प्रश्न : २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, ते मी विसरलो नाही. केप टाउनने २०१८ मध्ये असेच संकट कसे टाळले? — एक वाचक, लातूर

उत्तर : केप टाउनला पाऊस पडतो तो तेथील हिवाळ्यात. २०१५ पासून लागोपाठ तीन हिवाळे कोरडे गेले आणि धरणे तळाला लागली. साठा साडेतेरा टक्क्यांवर आला की घरोघरचे नळ बंद करायचे आणि सुमारे २०० केंद्रांवर माणशी २५ लिटर पाणी द्यायचे, अशी योजना ठरली. त्या दिवसाला ‘शून्य दिवस’ म्हटले गेले आणि तो एप्रिल २०१८ मध्ये उजाडेल, असा अंदाज होता.

१ फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा लागू झाली. लोक पायाशी बादली ठेवून अंघोळ करू लागले आणि तेच पाणी संडासात टाकू लागले. न्यूलँड्सच्या झऱ्यावर कॅन घेऊन रात्रीही रांगा लागत. कोणते घर मर्यादेत पाणी वापरते, हे नगरपालिकेने नकाशावर हिरव्या ठिपक्यांनी सर्वांना दाखवले, नळाचा दाब कमी केला आणि दर वाढवले. शहरवासी विसरतात ती गोष्ट अशी की शेतकऱ्यांचाही पाणीकोटा मोठ्या प्रमाणावर कापला गेला, आणि ग्रोएनलँड भागातील शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थेने आपल्या साठ्यातून सुमारे १० अब्ज लिटर पाणी शहराकडे सोडले. लातूरकरांना हे सांगावे लागत नाही. शहराचा रोजचा वापर दुष्काळापूर्वी १२० कोटी लिटरच्या आसपास होता, तो निम्म्यापेक्षाही खाली आला. पुढे पाऊस झाला, शून्य दिवस आलाच नाही आणि २०२० मध्ये धरणे जवळजवळ भरली.

एक आकडा मात्र आमच्या मनातून जात नाही. शहरातील झोपडवस्त्यांत हजारो कुटुंबे राहतात, तरी एकूण पाण्यातला त्यांचा वाटा सुमारे ४ टक्केच होता. तेथे बादली घेऊन सामायिक नळावर रांग लावणे दुष्काळात सुरू झाले नव्हते, आणि धरणे भरल्यावर ते थांबलेही नाही.