किल्लारीच्या आठवणी टिपायला निघालास तर

औसा-उमरग्याकडच्या गावांत भूकंपाच्या आठवणी टिपायला निघालायस, फार चांगलं काम आहे. आधी एक ऐक. माणूस छातीठोक सांगतो म्हणून ते तसंच घडलेलं असतं असं नाही. तो खोटं बोलतोय असंही नाही.

1986 साली अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटलं. दुसऱ्याच दिवशी मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की बातमी कुठं, कशी कळली. अडीच-तीन वर्षांनी तेच विचारलं, तर कितीतरी जणांचं उत्तर पार बदललेलं, आणि खात्री मात्र पक्की!

30 सप्टेंबर 1993 ची पहाट तर तीस वर्षं पारावर, सोयऱ्याधायऱ्यांत सांगून झालीय. शेजाऱ्याचं, पेपरातल्या फोटोंतलं त्यात मिसळलेलं असणारच. म्हणून एकेकट्याशी बोल. चारचौघांत बसवलंस की जो मोठ्यानं बोलेल त्याचीच आठवण सगळ्यांची होते.

"मग काय झालं, काका?" एवढंच विचार. "भिंत धाडकन कोसळली ना?" असं नको. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या 1974 च्या प्रयोगात लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली; प्रश्नातला शब्द जोरकस केला, तर लोकांनी गाड्यांचा वेग वाढवून सांगितला. आठवड्यानं काहींना फिल्ममध्ये नसलेल्या फुटक्या काचाही आठवल्या.

वेळ-तारीख सरकारी नोंदींशी ताडून बघ. पण एखाद्या आजीचं जुळलं नाही म्हणून तिला तोंडावर टोकू नकोस. तिनं घरची माणसं गमावलीत. ती सांगेल तसंच उतरव, फरक समासात लिही. आणि कुणाकडं तेव्हाचं पत्र निघालं, तर पहिल्यांदा त्याचा फोटो घे.