घोंगडं टोचतं, मग ते खोटं का?

प्रश्न : पंढरपूरहून काळं घोंगडं आणलं. टोचतं, पुठ्ठ्यासारखं कडक आहे, वासही येतो. फसलो का? वॉशिंग मशिनमध्ये टाकू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मशिनमध्ये मुळीच टाकू नका, दादा! गरम पाण्यात घुसळलं की लोकर आटून नमदा होते, म्हणजे तंतू एकमेकांत गुंतून घट्ट, जाड थर बनतो. माझ्या सुनेनं एकदा तसं केलंय. घोंगड्याचं पायपुसणं झालं.

टोचतं ते दख्खनी मेंढीमुळे. माणदेशासारख्या कोरड्या मुलखात काट्याकुट्यांतून चरत मैलोन्‌मैल चालणारी ही मेंढी. तिची लोकर राठ आणि बहुतेक काळी, म्हणून घोंगडं न रंगवताही काळं. मऊ हवं असेल तर जावळाचं मागायचं, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीचं. ते महाग पडतं.

कडकपणा खळीचा. धनगर बायांनी कातलेलं सूत सणगर, म्हणजे घोंगडी विणणारा, विणायला घेतो, तेव्हा ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, चिंचोक्याची खळ लावतो. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून शिजवायचे आणि ती खळ मोठ्या कुंच्यानं सुतावर ओढायची. आमच्या दारात ताणा पसरला की आम्हा पोरांना अंगणबंदी असे. वापरता वापरता खळ झडते.

वास? मेंढीचाच, दुसरा कुणाचा! दोन-चार दिवस ऊन दाखवा.

तरी शंका असेल तर कडेचा एक धागा जाळून पाहा. केस जळल्याचा वास येऊन राख चुरगळली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर प्लास्टिकचा धागा. तसं निघालं तर मात्र दुकानदाराशी भांडा.