१०३९ तासांची नोकरी : हंगामी पार्क रेंजरांचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकेतल्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या, हंगामी नोकऱ्यांबद्दल ओझरतं लिहिलं होतं आणि त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. आधीच सांगते, मी स्वतः सहा उन्हाळे ती चपटी हॅट घालून लोकांना 'बाथरूम तिकडे आहे' सांगितलंय, पर्मनंट मात्र कधीच झाले नाही, त्यामुळे हा सल्ला टॉपरचा नाही, ज्याचे मार्क थोडक्यात हुकले त्याचा आहे असं समजा.

प्रश्न : ताई, माझी मुलगी तीन वर्षं एकाच पार्कात उन्हाळ्यात रेंजर म्हणून जातेय. काम चांगलं आहे म्हणतात, गर्दी पण असते, तरी ठरावीक दिवस भरले की घरी पाठवतात. सुपरवायझर म्हणे, "१०३९ तास झाले." हा काय प्रकार आहे? तासांनी माणूस मोजतात का?

हो, तासांनीच मोजतात. आठवड्याला ४० तास धरले तर २६ आठवड्यांचे होतात १०४०, म्हणजे बरोबर अर्धं वर्ष. सरकारी नियम असा की टेम्पररी नेमणूक एक वर्षाची, फार तर आणखी एक वर्ष वाढवता येते, म्हणजे एकूण दोन वर्षं आणि मग बास. पण सीझनल कामाला यातून सूट आहे, वर्षातलं काम १०४० तासांच्या आत राहिलं तर दोन वर्षांची मर्यादा लागत नाही आणि त्याच माणसाला त्याच जागेवर दरवर्षी परत बोलावता येतं. म्हणून सगळे १०३९ वर थांबतात. ओव्हरटाइम यात धरत नाहीत, त्यामुळे आग लागली किंवा कुणी डोंगरात हरवलं आणि मुलगी रात्रभर राबली तर ते तास यातून कापले जात नाहीत, एवढं तिला नक्की सांगा. आणि हे वर्ष म्हणजे कॅलेंडरचं नाही हं, नेमणुकीच्या तारखेपासून मोजतात, त्यात खूप जण फसतात.

आता हे आलं कुठून ते ऐका, कारण मला यातलं सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. १९९३ मध्ये वॉशिंग्टनच्या लिंकन मेमोरियलवर काम करणारा पार्क सर्व्हिसचा एक कर्मचारी वारला. आठ वर्षं तो तिथे होता, पण कागदावर कायम टेम्पररी, नेमणूक संपली की परत नवी, परत नवी, त्यामुळे घरच्यांच्या हाती ना विमा ना पेन्शन. काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, यावर बराच गदारोळ झाला आणि १९९४ मध्ये टेम्पररी नेमणुकीवर ही दोन वर्षांची मर्यादा आली, हेतू हा की कुणाला असं वर्षानुवर्षं लटकवून ठेवता येऊ नये. हेतू चांगलाच होता. पण ज्या खात्यातल्या माणसामुळे हे घडलं त्याच खात्यातले सीझनल लोक सहा महिन्यांच्या सवलतीतून अजूनही वर्षानुवर्षं लटकतायत, फक्त आता सहा-सहा महिन्यांच्या तुकड्यांत. माझ्याबरोबर एक काका होते, वीसच्या वर उन्हाळे झाले होते त्यांचे, आणि दर हिवाळ्यात ते बेकार.

तेव्हा सुपरवायझरवर चिडू नका, त्याच्या हातात काही नसतं.

प्रश्न : माझा नवरा सीझनल आहे. हेल्थ इन्शुरन्स मिळतो की नाही? एक जण हो म्हणतो, एक नाही म्हणतो.

दोघंही आपापल्या काळाप्रमाणे बरोबर आहेत. पूर्वी जवळजवळ नव्हताच. २०१४ च्या शेवटी नियम बदलला, २०१५ पासून ज्या टेम्पररी माणसाकडून महिन्याला निदान १३० तास आणि निदान ९० दिवस काम अपेक्षित आहे त्याला सरकारी कर्मचाऱ्यांचा हेल्थ प्लॅन घेता येतो, सरकारचा वाटा धरून. फुल टाइम उन्हाळा असेल तर तुमचे मिस्टर यात बसायला हरकत नाही. जॉइन झाल्यावर फॉर्म भरायची मुदत असते ती चुकवू नका. पेन्शन मात्र नाही. आणि १९८९ नंतरची टेम्पररी सर्व्हिस पुढे पर्मनंट झालात तरी पेन्शनसाठी सहसा मोजली जात नाही, मला हे चौथ्या उन्हाळ्यात कळलं.

प्रश्न : मी चार सीझन पूर्ण केलेत. मित्र म्हणतो आता तू 'आतला' झालास, पर्मनंट जागांना थेट अप्लाय करू शकतोस. खरं का?

मित्राला थोडी घाई झालीय. तो ज्या कायद्याबद्दल बोलतोय तो २०१५ चा, ऑगस्टमध्ये ओबामांनी सही केलेला लँड मॅनेजमेंट वर्कफोर्स फ्लेक्झिबिलिटी ॲक्ट. त्याच्या आधी पर्मनंट जागा निघाली आणि ती फक्त आतल्यांसाठी, म्हणजे आधीच सरकारात पर्मनंट असलेल्यांसाठी असली की दहा वर्षं काम केलेला सीझनल सुद्धा बाहेरचा धरला जायचा, आणि ऑफिसात बसून ज्याने पार्क पाहिलेला नाही असा दुसऱ्या खात्याचा माणूस आतला! या कायद्याने ते बदललं. पार्क सर्व्हिस, फॉरेस्ट सर्व्हिस, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, फिश अँड वाइल्डलाइफ वगैरे जमिनी सांभाळणाऱ्या खात्यांत टेम्पररी किंवा टर्म (ठरावीक मुदतीच्या) नेमणुकांवर मिळून २४ महिन्यांपेक्षा जास्त काम झालं असेल, तर तुला आतल्यांच्या जागांसाठी अर्ज करता येतो.

नीट वाच, २४ महिन्यांपेक्षा जास्त. सहा-सहा महिन्यांचे चार सीझन म्हणजे जेमतेम २४, आणि प्रत्यक्षात सीझन पाच-साडेपाच महिन्यांचाच भरतो, म्हणून पाचवा उन्हाळा लागतोच, कधी सहावा पण. शिवाय मध्ये दोन वर्षांचा खंड नको, पहिली नेमणूक खुल्या स्पर्धेतून झालेली हवी, आणि काम समाधानकारक होतं याचा कागद हवा. हा कागद सीझनलला कुणी आपणहून देत नाही. शेवटच्या दिवशी सगळे चावी, रेडिओ, युनिफॉर्म परत करायच्या गडबडीत असतात आणि सुपरवायझर म्हणतो पाठवतो नंतर. नंतर वगैरे काही नसतं. त्याच्यासमोर उभं राहून लेखी मूल्यमापन घे.

दुसरं म्हणजे एसएफ-५०. नेमणूक झाली, संपली, पगार बदलला, दरवेळी हा फॉर्म निघतो आणि तोच तुझा पुरावा. तो ऑनलाइन फाइलमध्ये असतो पण नोकरी संपली की तुझं लॉगिन बंद, मग ईमेल करत बसा. माझा एका सीझनचा फॉर्म असाच राहिला आणि मला तो सीझन मोजून घ्यायला आठ महिने लागले, तोवर ज्या जागेसाठी धडपडत होते ती भरली पण. तेव्हा शेवटच्या आठवड्यात सगळे डाउनलोड करून ठेव.

आणि पर्मनंट म्हणजे बारा महिनेच असं धरून चालू नकोस. पर्मनंट पण वर्षातले काही महिने बिनपगारी घरी, अशाही जागा असतात. लोक त्यांना नाक मुरडतात, मी म्हणते मिळाली तर आधी घे, पेन्शन सुरू होते, विमा राहतो, बाकीचं मग बघता येतं.

प्रश्न : उन्हाळ्यात यलोस्टोन, हिवाळ्यात एव्हरग्लेड्स असं करता येतं का? म्हणजे वर्षभर काम.

येतं, खूप जण करतात, गाडीत संसार असतो त्यांचा. पण दुसऱ्या पार्कात नव्याने स्पर्धेतून अर्ज करून जाणं वेगळं आणि 'थेट परत घेणं', म्हणजे नव्या स्पर्धेशिवाय परत बोलावणं, या सोयीतून जाणं वेगळं. थेट परत घेताना आधीचे तास जोडून बघतात आणि मर्यादा ओलांडली तर ती सोय हातची जाऊ शकते, मग पुढच्या उन्हाळ्यात स्वतःच्याच जागेसाठी शेकडो लोकांबरोबर रांगेत उभं राहायचं. दुसरी ऑफर स्वीकारायच्या आधी दोन्हीकडच्या एचआरला लेखी विचारा, फोनवर नको.

प्रश्न : भाचीला २०२५ च्या उन्हाळ्याची ऑफर आली होती आणि जानेवारीत एका ईमेलने रद्द झाली. तिने तो नादच सोडलाय. तुम्ही काय सांगाल?

तिचा राग अगदी रास्त आहे. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प आले, त्याच दिवशी सगळ्या केंद्र सरकारी खात्यांत नोकरभरती थांबवली आणि सीझनल ऑफर्स एका फटक्यात मागे घेतल्या. लोकांनी घरं सोडली होती, दुसऱ्या नोकऱ्यांना नाही म्हटलं होतं. मग फेब्रुवारीत उलट फिरले, ७,७०० पर्यंत सीझनल घ्यायची परवानगी आली, नेहमीपेक्षा जास्तच. पण त्याच सुमाराला पार्क सर्व्हिसच्या साधारण १,००० प्रोबेशनवरच्या लोकांना काढलं, आणि त्यात कोण होते तर कित्येक वर्षं सीझनल राबून नुकतेच पर्मनंट झालेले, कारण पर्मनंट झालं की प्रोबेशन नव्याने सुरू! मार्चमध्ये कोर्टाच्या आदेशाने बरेच परत आले.

आता ७,७०० हा आकडा ऐकायला छान वाटतो, पण परवानगी म्हणजे माणूस नव्हे. अर्ज, निवड, बॅकग्राउंड चेक, राहायची जागा यात महिने जातात, म्हणून तर उन्हाळ्याच्या जागा आदल्या हिवाळ्यात किंवा त्याहून आधीच निघतात. फेब्रुवारीच्या शेवटी सुरुवात केली तर मे उजाडेपर्यंत होणार कसं? आणि २०२४ मध्ये पार्कांना ३३ कोटींच्या वर भेटी झाल्या होत्या, आजवरच्या सगळ्यात जास्त, म्हणजे गर्दी काही थांबणार नव्हती.

भाचीला सांगा अर्ज करायचा तर करावा, पण हातची नोकरी आणि घराचं लीज जॉइनिंगची तारीख पक्की होईपर्यंत सोडू नये. कच्ची ऑफर आणि पक्की ऑफर अशा दोन असतात, पक्की येईपर्यंत मिठाई वाटायची नाही.

प्रश्न : माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. चालेल?

नाही. या जागांना नागरिकत्व लागतं, १९७६ च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून तसंच आहे. पार्कातली हॉटेलं आणि दुकानं खासगी कंपन्या चालवतात, तिथे ही अट नाही.

प्रश्न : माझा रेझ्युमे नऊ पानी आहे, सरकारी नोकरीला लांबच लागतो असं सगळे सांगायचे. आता काय ऐकतेय मी?

बरोबर ऐकतेयस. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीपासून यूएसएजॉब्स या सरकारी नोकऱ्यांच्या वेबसाइटवर दोनच पानं. नऊची दोन करताना लोक पहिल्यांदा कात्री लावतात ती तारखांना आणि आठवड्याच्या तासांना, कारण ते रटाळ दिसतं. ते ठेव. 'निसर्गाची आवड' काढून टाक, अर्ज करणाऱ्या सगळ्यांनाच ती असते, पण आठवड्याचे तास लिहिलेले नसले तर अख्खा सीझन अनुभवात धरत नाहीत.