संस्थापकाच्या नावानं व्याख्यान सुरू करताना

कोल्हापूर

प्रिय बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा मसुदा, दोन्ही वाचलं. अमेरिकेतल्या नोटर डेमसारख्या कॅथलिक विद्यापीठात शिकणारी आपल्या गावची मुलगी तिथले संस्थापक आणि पहिले अध्यक्ष फादर एडवर्ड सोरिन यांच्या नावानं वार्षिक व्याख्यान सुरू व्हावं म्हणून धडपडते आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. म्हणूनच स्पष्ट लिहितो. मसुद्यात सोरिन सापडत नाहीत. द्रष्टे, त्यागमूर्ती, ध्येयवेडे ही विशेषणं आपल्याकडच्या कुठल्याही संस्थापकाच्या तसबिरीखाली चालून जातील. ती सगळी खोडून टाक.

आता त्या माणसाकडे बघ. १८४२ च्या नोव्हेंबरात, ऐन थंडीत, अठ्ठावीस वर्षांचा एक फ्रेंच धर्मगुरू सात ब्रदरांना, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या व्रतस्थ सहकाऱ्यांना, घेऊन इंडियानाच्या उत्तरेला तळ्याकाठच्या रानात पोचतो. हाताशी पैसा जवळजवळ नाही. तरी थोड्याच दिवसांत तो फ्रान्सला वरिष्ठांना कळवतो की इथे होणारं कॉलेज या देशात भलं करण्याचं एक मोठं साधन होईल. १८४४ च्या जानेवारीत राज्याची सनदही मिळते. पुढे पैशाची चणचण इतकी वाढते की १८५० मध्ये तो आपली माणसं कॅलिफोर्नियाला सोनं शोधायला धाडतो. सोनं मिळत नाही आणि त्यातला एक ब्रदर तिकडेच दगावतो. १८५२ मध्ये त्याच्या होली क्रॉस धर्मसंघाचे संस्थापक फादर मोरो त्याला बंगालच्या मिशनवर जायला सांगतात, तेव्हा तो साफ नकार देतो. आज्ञापालनाची शपथ घेतलेला माणूस संघाशी फारकत घेण्यापर्यंत गोष्ट ताणतो, मग पुन्हा नमतं घेतो. यातलं तू मसुद्यात काहीच घेतलं नाहीस. का? नाव खाली येईल म्हणून? मला तर हे वाचूनच त्या माणसाविषयी आपुलकी वाटली.

आणि २३ एप्रिल १८७९ ची आग. मुख्य इमारत जळून खाक झाली. तेव्हा सोरिन अध्यक्ष नव्हते. अध्यक्ष होते फादर विल्यम कॉर्बी. सोरिन युरोपला निघाले होते, माँट्रियलहून परत फिरले. पासष्टीचा म्हातारा राखेतून हिंडला आणि म्हणाला, आपण बांधलंच फार लहान, आता मोठं बांधू. सप्टेंबरात नव्या इमारतीत वर्ग भरले. व्याख्यानाला बोलावलेल्या माणसानं या आगीचं नुसतं वर्णन केलं तर तास वाया गेला समज. संस्था कोसळते तेव्हा तिच्यात काय टिकतं, काय टिकवायचं, यावर त्यानं बोलावं.

आपल्याकडचंच बघ. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. २६ जूनला आपण पुतळ्याला हार घालतो, घालावाच. पण ऊसतोडीच्या हंगामात यंदा किती मुलं वर्गाबाहेर राहिली हे जो वक्ता विचारतो, तो महाराजांचं काम पुढे नेतो. शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन १९६२ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते झालं आणि पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार मुळात इतिहास संशोधक. त्यांच्या नावानं बोलायचं तर अस्सल कागद हातात घेऊन बोलावं, ऐकीव गोष्टींवर नव्हे. गोविंद पानसरे यांनी मुलाच्या, अवीच्या, स्मरणार्थ व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा दर वर्षी एक विषय ठरवून तो सलग काही दिवस वेगवेगळ्या वक्त्यांकडून मांडून घ्यायची शिस्त घातली. शाहू स्मारक भवनात मागच्या भिंतीला टेकून उभ्यानं टिपणं काढणारी मुलं मी तिथे पाहिली आहेत. अवीचं नाव अशा ऐकण्यात राहिलं.

म्हणून वक्त्याला पत्र लिहिताना "आपल्या आवडीच्या विषयावर बोला" असं कधीही लिहू नकोस. प्रश्न तुम्ही द्यायचा. सोरिन यांच्या आयुष्यातच दहा-वीस वर्षं पुरतील एवढे प्रश्न आहेत. पहिल्या वर्षासाठी मी एक सुचवतो. ते तिथे पोचण्याच्या चारच वर्षं आधी, १८३८ मध्ये, त्या भागातल्या पोटावाटोमी या मूळनिवासी लोकांना सैनिकांच्या पहाऱ्यात पार कॅन्ससपर्यंत पायी हाकलून नेलं होतं. वाटेत कितीतरी मेले, त्यात लहान मुलं बरीच. जमीन कुणाची होती आणि त्यावर उभ्या राहिलेल्या विद्यापीठाचं त्या लोकांशी आज काय नातं असावं? हा प्रश्न पहिल्याच वर्षी घ्या, आणि बोलायला पोटावाटोमी माणसालाच बोलवा. संस्थापकाचा अपमान होईल असं कुणी म्हणालं तर सांग, की अवघड प्रश्न सोसण्याइतकी ही संस्था भक्कम झाली आहे, आणि ती भक्कम केली त्यांनीच.

बाकी व्यवस्थेचं थोडक्यात. देणगी ठेवीत ठेवून व्याजावर व्याख्यान चालवायचं ठरत असेल तर व्याजातला थोडा भाग दर वर्षी मुद्दलात परत घालायची अट आजच लिहून घे. आपल्याकडे कितीतरी स्मृतिव्याख्यानं अशीच आटली. ठेव तेवढीच राहिली आणि वक्त्याचं प्रवासभाडंही निघेना. प्रास्ताविक, परिचय, सत्कार आणि आभार मिळून दहा मिनिटं, त्यापुढे नाही. प्रश्नोत्तरांना अर्धा तास राखून ठेव आणि पहिला प्रश्न विद्यार्थ्याचाच असू दे. वक्त्याकडून लिखित भाषण आधी घे, छापून काढ, ग्रंथालयात ठेव. छापलेलं नसलं की पुढच्या वर्षी कार्यकर्त्यांनाही काही आठवत नाही.

मसुदा नव्यानं लिहिलास की पाठव. पहिल्या पाच वर्षांचे प्रश्नही सोबत जोड, वक्त्यांची नावं नंतर बघू.

तुझा,
सर