बाबूजींबद्दल काय लिहू?

प्रश्न: काकू, नमस्कार. आमचे बाबूजी मागच्या उन्हाळ्यात गेले, आता बरसी आहे. त्यांचं सगळं आयुष्य साइटवर गेलं, सुपरवायझरचे मॅनेजर झाले, शेवटची वर्षं गोसेखुर्द धरणाच्या कालव्यावर होते, तिथूनच रिटायर. बरसीला छोटी स्मरणिका काढायची आहे अन् भाऊ म्हणतो तूच लिही, तुला जमते. हेडिंगही त्यानंच देऊन टाकलं, 'कर्तव्यदक्ष अन् कुटुंबवत्सल'. आता महिन्यातून दोन दिवस घरी येणाऱ्या माणसाला कुटुंबवत्सल कसं म्हणू? आमच्या घराचा स्लॅब मे महिन्यात टाकला तेव्हा मी सातवीत होते, बाबूजी दुसऱ्याच दिवशी साइटवर गेले, मग शेजारी त्यांचा फोन यायचा, मी पळत जायची तर पहिलं वाक्य 'पाणी टाकलं का?' कशी आहेस वगैरे काही नाही. आता कपाटात त्यांच्या खिशातल्या डायऱ्या निघाल्या, त्यातही सिमेंटच्या पोत्यांचाच हिशोब, मधेमधे आमच्या चपलांचे नंबर. तेरवीला मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडचे दोन मिस्त्री न बोलावता आले, रडले, जेवले अन् गेले. काय लिहू?
– एक वाचक, पवनी तालुका

उत्तर: ताई, आधी ते हेडिंग काढा. कर्तव्यदक्ष हा शब्द आपल्याकडे साहेबाच्या बदलीपासून चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरपर्यंत सगळ्यांना लागतो, त्यात तुमचे बाबूजी कुठं सापडतील?

आता तो फोन. आपल्या इकडे मे महिन्यात 45 च्या वर पारा जाते, वारा भट्टीसारखा, स्लॅबवर सकाळी मारलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जाते. लोकांना वाटते सिमेंट वाळलं की पक्कं झालं, पण तसं नसते, ते पाण्यासोबत रिॲक्शन होऊनच पक्कं होते, पाणी उडालं की काम अर्धवट राहते अन् भेगा पडतात. म्हणून तर स्लॅबवर सिमेंट-रेतीच्या मसाल्याच्या बोटभर पाळी घालून वाफे करतात, पाणी भरून ठेवतात, कॉलमला ओली पोती गुंडाळतात. साध्या सिमेंटला 7 दिवस तरी पाहिजेत, असल्या कोरड्या उन्हात 10, अन् जुने मिस्त्री तर 15 च्या खाली ऐकत नाहीत. साइटवर या कामाला वेगळा माणूस ठेवतात अन् तरी मॅनेजर स्वतः चढून पाहते. घरी बाबूजींनी सातवीतल्या पोरीला ठेवलं. आता 'पाणी टाकलं का' हेच त्यांचं प्रेम होतं असं म्हणून मी मोकळी होणार नाही, तसं लिहिणारे खूप आहेत. तुम्ही 'कशी आहेस'ची वाट पाहत होता ना, मग तेही लिहा, लपवू नका.

मला खरं तर डायरी अडकली डोक्यात. पोरांच्या चपलेचा नंबर दर वर्षी बदलते, मग महिन्यातून दोन दिवस येणाऱ्या माणसाला नवा नंबर कळायचा कसा? आई सांगायची का झोपलेल्या पोरीचा पाय टेपनं मोजायचे? आई असतील तर आजच विचारा. अन् ते पान पोत्यांच्या हिशोबासकट जसंच्या तसं छापा.

मिस्त्री लोकांना फोन करा. बालाघाट काही शेजारी नाही, रोजी बुडवून आले ते. पण 'बाबूजी कसे होते' असं विचाराल तर 'बहुत अच्छे थे' एवढंच मिळेल. त्याच्यापेक्षा विचारा, मजुरीचा चुकारा आठवडी बाजाराच्या आधी व्हायचा की नंतर? बाजार उठल्यावर पैसे हातात आले तर मजुराच्या बाईला तो आठवडा उधारीवर काढावा लागते, अन् हे ध्यानात ठेवणारे मॅनेजर कमीच. कोणतं काम तोडून परत करायला लावलं, तेही विचारा. शिवी कोणती द्यायचे हेसुद्धा (छापू नका, पण तुम्हाला माहीत पाहिजे).

गोसेखुर्दवर मात्र निबंध नको. वैनगंगेवरचं धरण, 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, 33 दरवाजे, हे आपल्या भागात शाळेतलं पोट्टंही सांगते. बाबूजी उजव्या कालव्यावर होते की डाव्या, कोणत्या गावाजवळ, खोली कुठं केली होती, डबा कोण द्यायचं, ते लिहा.

अन् एक राहिलंच. तुम्ही पाणी टाकलेला तो स्लॅब, तो गळते का हो? पत्रात कुठंच लिहिलं नाही तुम्ही.