पेटंट एजंटची परीक्षा दिली म्हणून कोर्टात उभं राहता येत नाही

प्रश्न असा: नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत फिक्स्चर (मशीनवर काम घट्ट धरून ठेवणारं साधन) डिझाइन करणाऱ्या मेकॅनिकल इंजिनियरला पेटंट एजंट होऊन आयपीचे (पेटंट, ट्रेडमार्क अशा बौद्धिक संपदेचे) खटले चालवता येतील का?

नाही. एजंटचं काम पेटंट ऑफिसपुढे. कोर्टात वकिलीची सनदच लागते. तरीही परीक्षा जरूर द्या. 100-100 गुणांचे दोन पेपर आणि 50 गुणांची तोंडी असते. दुसऱ्या पेपरात क्लेम, म्हणजे पेटंटचं संरक्षण नेमकं कशाला हे सांगणारी वाक्यं, लिहावे लागतात, आणि तोच खरा सराव.

एलएलबी तीन वर्षांचं, सीईटी देऊन. नाशिकमध्ये एनबीटी लॉ कॉलेज आहे. हजेरी 70 टक्के लागते, शिफ्टची नोकरी सांभाळून ती जमवणं अवघड. सनद घेताना पूर्णवेळ पगारी नोकरी सोडावीच लागते, तेव्हा घरखर्चाची तजवीज आधी करा.

इंजिनियर हमखास चुकतो तो इथे: दोन मशिनं शेजारी ठेवून तो 'कॉपी आहे' म्हणतो. कोर्ट मशीन ताडून पाहतं ते क्लेमच्या शब्दांशी. समजा क्लेम आहे: 'बेस, त्यावर पिनभोवती फिरणारा लीव्हर, लीव्हर मागे ओढणारी स्प्रिंग आणि टोकाला रबरी पॅड असलेला क्लॅम्प.' समोरच्याने स्प्रिंगऐवजी वजन लटकवलंय. शब्दशः उल्लंघन होत नाही. मग वजन तेच काम त्याच रीतीने करतं का, यावर युक्तिवाद करायचा. पण पेटंटच्या अर्जदारानेच पेटंट ऑफिसच्या परीक्षकाला 'स्प्रिंग हेच आमचं वेगळेपण' असं लिहून दिलं असेल, तर तो युक्तिवाद फार लंगडा पडतो. म्हणून परीक्षकाचा अहवाल आणि त्याला दिलेलं उत्तर आधी वाचा. दोन्ही पेटंट ऑफिसच्या साइटवर मिळतात.

पुराव्यातही असंच. कॅड फाइलची नुसती प्रिंट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासह) प्रमाणपत्र जोडावं लागतं.

नाशिकमध्ये राहून जमेल का? ट्रेडमार्कचे दावे जिल्हा न्यायालयात चालतात, सुरुवात तिथून करा. पेटंटचा दावाही इथे दाखल होतो, पण प्रतिवादीने पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा लावला की पेटंट कायद्याच्या कलम 104 नुसार प्रकरण उच्च न्यायालयात जातं. मुंबईच्या फेऱ्या धरूनच चला. कमर्शियल दाव्यात कैफियतीला, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराला, जास्तीत जास्त 120 दिवस मिळतात. तेवढ्यात, शोध नवा नव्हता हे दाखवायला, जुनी पेटंटं, कॅटलॉग, ड्रॉइंग चाळून होणं हे इंजिनियर वकिलाचं मोठं बळ.

आजपासून एक करता येईल. क्लॅम्पिंगमधलं 20 वर्षांची मुदत संपलेलं एखादं पेटंट काढा, पहिल्या क्लेमचे तुकडे डावीकडे लिहा, आणि शॉपफ्लोअरवरच्या क्लॅम्पचा एकेक भाग उजवीकडे बसवा. जो बसत नाही, त्यावर दोन्ही बाजूंनी एकेक पान लिहा.